राजापुढचं प्यादं, एक घर

देवबागच्या घरी गेले की मी आधी चहा मागते आणि चहा होईपर्यंत घरातल्या चुका काढते, असं माझी भाचेसून म्हणते. म्हणू दे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईने दुसरं करायचं तरी काय? या खेपेला मात्र चहा येण्याआधीच माझं तोंड बंद झालं. ओटीच्या कोपऱ्यात पर्यटक पाहुण्यांसाठी पाण्याचं मडकं ठेवलं होतं आणि मडक्याखाली एक पाट होता. फणसाचा, जाड, एका कोपऱ्याला चीर गेलेला.

"ह्यो पाट खंय गावलो गो तुका?"

"माळ्यार होतो, आते. मडक्याक बरो बसलो. कित्याक, काय झालां?"

काही नाही म्हटलं. ती चहा बघायला आत वळली तसं मी दोन्ही हातांनी मडकं उतरवून खाली ठेवलं. पाटावर पाण्याचा ओला गोल उमटला होता, आणि त्या गोलातून आरपार तापल्या खिळ्याने ओढलेल्या रेघा गेल्या होत्या. आठ घरं आडवी, आठ उभी. मी मोजली नाहीत. त्या रेघा ओढल्या तेव्हा चुलीत खिळा तापवून द्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि माझ्या अंगठ्यावर त्याचा डाग अजून आहे.

हा पाट माझ्या धाकट्या काकीचा.

काकी मसुऱ्याची. तिच्या वडलांना बुद्धिबळाचा नाद. नाद म्हणजे कसा, तर शेतात लावणी खोळंबलेली असायची आणि हे देवळाच्या सभामंडपात घोड्या-उंटांशी बोलत बसलेले असायचे. जोडीदार मिळाला नाही की ते लेकीला समोर बसवत. तिथेच ती शिकली. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा रुखवतात करंज्यांच्या शेजारी सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी केलेल्या लाकडी मोहऱ्यांची पेटी होती. एक बाजू लाल, एक बाजू हिरवी. आमच्या आईला वाटलं खेळणी आहेत, तिने पेटी सरळ माझ्या हातात दिली. मी आठ वर्षांची. काकीने ती माझ्याकडून इतक्या गोडीने काढून घेतली की मला रडायचंही सुचलं नाही.

काका मुंबईला गोदीत कामाला. लग्नाची रजा पंधरा दिवसांची. त्या पंधरा दिवसांत नव्या जोडप्याने काय करावं हे मी सांगायला नको. यांनी डाव मांडला. काकीने आईकडून पाट मागून घेतला, त्यावर आम्ही घरं ओढली आणि दुपारची जेवणं आटोपली की माजघरात दोघं समोरासमोर बसू लागली. काकीचे लाल, काकांचे हिरवे. पहिली चाल काकीची, आणि ती कायमची ठरलेली: राजापुढचं प्यादं, एक घर. आमच्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. डाव काही संपला नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या, आधीची शेवटची बोट लागली, काका होडीतून बोटीकडे गेले आणि पाटावर त्यांची चाल राहिली.

आठव्या दिवशी कार्ड आलं. वर तारखेच्या जागी ‘रविवार, दुपार’. मग ‘सर्वांस नमस्कार’, शेवटी ‘पाऊस लागला का’ आणि मधे एकच ओळ: ‘उजवा उंट, दोन घरं तिरका.’

काकीने पाटावरचा हिरवा उंट दोन घरं सरकवला आणि हसली. तेव्हा मला त्या हसण्याचा अर्थ कळला नव्हता.

तेव्हापासून वर्षानुवर्षं आमच्या माजघराच्या कोपऱ्यात डाव मांडलेला असे. एक डाव दीड वर्ष चाले. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की काकी एकेक मोहरा उचले, पदराने पुसे आणि होता तिथे ठेवी. सत्यनारायणाच्या पंगतीला एक पाट कमी पडला की अण्णा, म्हणजे माझे वडील, घरातले कर्ते, त्या पाटाकडे नुसते बघत आणि मग कोणाला तरी गोणपाट देत. डाव मोडा असं म्हणायची त्यांची टाप नव्हती. मे महिन्यात माजघरात कोकमाची सोलं सुकत पडलेली असत, परसात नारळाची सोडणं कुजत घातल्याचा वास, बाहेर सुक्या बांगड्यांचा, आणि या सगळ्याच्या मधोमध ते लाल-हिरवे मोहरे एका चालीवर आठ-आठ दिवस थांबलेले. मला वाटे, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

कार्ड उघडं असतं, हे काकांच्या कधी ध्यानात आलं नाही. मालवणहून तारकर्लीच्या वाळूतून पाय ओढत येणारा बाबलो पोस्टमन वाटेत ते वाचून काढी आणि आमच्या कुंपणापाशी पोचेपर्यंत त्याचं मत झालेलं असे. "वैनी, वजीर संबाळा," तो बाहेरूनच सांगे. "दादांचो घोडो काय बऱ्या मनान येणा नाय." काकी त्याला पाणी-गूळ देई आणि कार्ड हातात आलं की आधी नाकाशी धरी.

"काय वास येतो गो?" मी विचारी.

"मुंबयचो."

मीही हुंगून बघे. मला घासलेटचा येई. मुंबईला घासलेटचा वास येतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

काकीला वाचता येई, पण लिहायला तिची बोटं वळत नसत, म्हणून उलट कार्ड मी लिहायची. ती सांगे तसं. एकदा तिने सांगितलेली चाल मला अगदीच भोळी वाटली. हत्ती फुकट जात होता. मी आपलं शहाणपण करून दुसरी चाल लिहिली, तिला वाटलं तिचीच गेली. पंधरा दिवसांनी काकांचं कार्ड आलं तेव्हा पाटावरचं आणि कार्डातलं जुळेना. काकी रागावली नाही. तिने मला दुसरं कार्ड घ्यायला लावलं आणि ‘मागील चाल मी खोटी लिहिली’ असं माझ्याच हाताने लिहून घेतलं.

"चाल केली ती लिवची," ती म्हणाली. "बरी काय वायट, तां लिवणाऱ्यान ठरवूचां नाय."

हत्ती गेला तो गेलाच. मी ते जन्मात विसरले नाही. पुढे नर्सच्या नोकरीत चाळीस वर्षं तापाचे तक्ते भरले, त्यात एक दशांशही कधी इकडचा तिकडे केला नाही. पण ते नंतरचं.

काकीला एकच हवं होतं. दागिना नको, लुगडं नको. तिला मुंबईची काकांची खोली बघायची होती.

"माका थंय रवाचां नाय," ती आईला सांगे, भात वेळताना, हळू आवाजात. "एकदाच बघूचां आसा. हे खंय बसान कार्ड लिवतत, तां."

आईने ते अण्णांच्या कानावर घातलं. अण्णा वाईट नव्हते, पण त्यांचं एक म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. "थंय अकरा गाववाले रवतत. एक उठलो काय दुसरो निजता. बाईमाणसान जावन बसाचां खंय?" काकीने पुन्हा विषय काढला नाही. फक्त कार्ड आलं की ते जरा जास्त वेळ हुंगू लागली.

गोवा अजून सुटला नव्हता आणि आमचा जिल्हा रत्नागिरी होता, त्या सुमाराची गोष्ट. शिमगा जवळ आला होता. मालवणच्या एका वाचनालयाने बायकांची बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. बातमी अर्थात बाबलोनेच आणली. पहिली येईल तिला मुंबईच्या मोठ्या स्पर्धेला धाडणार होते. बोटीने नेणार, एका भल्या कुटुंबात उतरवणार, आठ दिवसांनी परत आणून सोडणार. अण्णांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी जेवून उठताना, हात धुता धुता म्हणाले, "जिंकलंस तर जा. तो येवन तुका खोली दाखयतलो."

काकीने त्या दिवशी भाकऱ्या करपवल्या. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.

एक अडचण होती. स्पर्धा विलायती नियमांनी व्हायची होती. काकांनी कार्डाऐवजी पहिल्यांदाच पाकीट धाडलं, चार पानी. मी मोठ्याने वाचत होते, काकी नारळ खवत ऐकत होती. प्यादं पहिल्या चालीला हवं तर दोन घरं जातं. राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. आणि राजाची उडी नाही. आमच्या देशी खेळात राजाला एकदाही शह बसला नसेल तर तो साऱ्या डावात एकदा, एकदाच, घोड्यासारखा उडून जाऊ शकतो. विलायती राजाला ते नाही.

काकीचं खवणं थांबलं. "राजा उडणा नाय?"

"नाय म्हणतात."

"मगे राजा कसलो तो," ती म्हणाली आणि पुन्हा खवायला लागली.

महिनाभर ती माझ्याशी खेळली. किल्लेकोट शिकली, पण मनापासून नाही. अडचणीत आली की तिचा हात आपसूक राजाकडे जाई आणि राजा उडायच्या बेतात येई. "काकी, उडी नाय," मी म्हणे. ती जीभ चावून हात मागे घेई. दिवसातून दहा वेळा हे चाले.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही भल्या सकाळी होडीने मालवणला गेलो. काकीने हिरवं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात सुरंगीच्या फुलांचा वळेसर. त्या वासाने होडीतली माशांची टोपलीसुद्धा झाकली गेली. वाचनालयाच्या दिवाणखान्यात सतरंज्या घातल्या होत्या. पंच कोल्हापूरचे, त्यांना टेबलं हवी होती, पण बायकांनी मांडी घालूनच बसणार म्हणून सांगितलं. आठ जणी होत्या. एकीच्या मांडीवर तान्हं मूल होतं आणि तिने त्याला पाजत पाजत पहिला डाव जवळजवळ जिंकत आणला होता. पट काळ्या-पांढऱ्या घरांचा. काकीने असा कधी पाहिला नव्हता. "डोळे फिरतत गो," ती मला पुटपुटली. पंचांनी यादी वाचली, "सौ. सुशीला," तशी मी इकडेतिकडे बघायला लागले. काकीचं नाव सुशीला आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पहिले दोन डाव तिने असे संपवले की ओसरीवर बसलेल्या पुरुषांनी विड्या विझवून आत डोकी घातली. शेवटचा डाव जामसंड्याच्या एका शिक्षिकेशी. सगळे त्यांना बाई म्हणत. गोल पातळ, चष्मा, मनगटावर घड्याळ. त्या शाळेत मुलींना विलायती बुद्धिबळ शिकवीत. माझ्याकडे चाली लिहायची वही होती, कारण काकीने पंचांना सांगितलं होतं, माझं लिहिणं ही करते.

लाल मोहरे नव्हते, पांढरे होते. काकीने पांढऱ्या राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

बाई हसल्या. वाईट नाही, समजुतीने. "दोन घरं जाता येतं हं पहिल्यांदा."

"ठाऊक आसा, बाई. पण माका घाई नाय."

मागे बसलेल्या बायका खुसखुसल्या. मला मात्र बरं वाटलं. त्या काळ्या-पांढऱ्या परक्या पटावर निदान एक चाल आमच्या माजघरातली होती. बाईंनी आपलं प्यादं दोन घरं आणलं. मग घोडे बाहेर आले, उंट आले. काकीने देशी सवयीने हत्ती लवकर काढला, म्हणजे त्या बाजूचा किल्लेकोट गेला. दुसऱ्या बाजूचा बाईंनी अडवून धरला. बाहेर ऊन चढलं. आतल्या गर्दीत सुरंगी कोमेजत चालली होती आणि तिचा वास जास्तच येत होता.

दुपार झाली आणि काकीचा राजा कोंडला गेला. मलासुद्धा दिसलं. दोन चालींत मात. काकी पटाकडे बघत बसली. एकदा तिने डोळे मिटले, आणि मला वाटतं त्या वेळी तिला तो पट दिसत नसावा, आपला पाट दिसत असावा. मग तिने हात पुढे केला, राजा उचलला आणि प्याद्यांच्या डोक्यावरून त्याची उडी घेतली. घोड्याची. अडीच घरं.

"वा," ओसरीवरून बाबलोचा आवाज आला. जाणत्या पुरुषांनी माना डोलावल्या. बाईंनीही मान डोलावली, थोडा विचार केला आणि पुढची चाल केली. पंच तेवढ्यात अध्यक्षांबरोबर चहाला गेले होते. महिनाभर तिला दहा वेळा टोकणारी मी. माझ्याही ध्यानात आलं नाही. मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘राजाची उडी.’ आमच्या सगळ्यांचे राजे जन्मभर उडतच आले होते, त्यात कोणाला काय वावगं वाटणार?

त्यानंतर सातव्या चालीला काकीने प्याद्याने मात केली. प्यादेमात म्हणजे आमच्याकडे सगळ्यात मानाची. बायका उठून उभ्या राहिल्या. बाईंनी चष्मा काढून काकीचे दोन्ही हात धरले. काकी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर मुंबई दिसत होती. मला दुसरा शब्द सापडत नाही.

पंच तोंड पुसत आले, निकाल सांगायच्या आधी त्यांनी माझी वही घेतली, पानं चाळली आणि थांबले. "हे काय? राजाची उडी?"

मग सगळ्यांनाच एकदम कळलं.

पंच भले गृहस्थ होते. ते माझ्यासमोर वाकले आणि हळूच म्हणाले, "बाळ, लिहिताना तुझी काही चूक झाली नाही ना? राजा एकच घर सरकला असेल. नीट आठव."

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी अकरा वर्षांची होते, पण तेवढं मला समजलं. हो म्हटलं असतं तर काकी मुंबईला गेली असती. बाई काय, बाबलो काय, कोणी काही बोललं नसतं. मी काकीकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही आणि खूणही केली नाही.

"नाही," मी म्हटलं. "काकीने उडीच मारली."

डाव मागे नेऊन उडीच्या जागी मांडला. राजाला हात लागलेला, तेव्हा तोच हलवायचा, आणि त्याला जायला एकच घर उरलेलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला नको असा डाव," त्या म्हणाल्या. "माझ्या वडलांचा राजाही असाच उडायचा. मलाही कुठे खटकलं?"

"खेळा, बाई," काकी म्हणाली. "मांडलेलो डाव मोडूचो नसता."

दुसऱ्या चालीला काकी हरली.

परतताना होडीत मी हमसून हमसून रडले. काकीने हात पाण्यात सोडला होता. पाण्याची रेघ तिच्या बोटांमागे येत होती.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी खोटं बोलले असते तर…"

"तर मी मुंबयक गेलंय असतंय," ती म्हणाली. लपवालपवी तिच्या स्वभावात नव्हती. "माका वायट वाटता गो. खूप वायट वाटता. पण उडी मी मारलंय. तू लिवलंस." मग तिने अंबाड्यातला वळेसर काढून माझ्या वेणीत खोवला. तो पार कोमेजला होता, तरी घरी पोचेपर्यंत मी त्याला हात लावून बघत होते.

त्या वर्षी चवथीला काका आले. गणपती पोचवून झाले, घर जरा निवांत झालं, तसे ते एका दुपारी काकीच्या पाटापाशी बसले आणि मांडलेला डाव सरळ दोन्ही हातांनी बाजूला केला. काकी पुढे झाली, पण काकांनी तिला समोर बसायची खूण केली.

"ही खोली," ते पाटावर हात फिरवून म्हणाले.

दोन हत्ती एका कडेला जवळजवळ उभे केले. "हो दरवाजो." वजीर कोपऱ्यात, ती चूल. उंट म्हणजे पाण्याची पिंपं. मग प्यादी आडवी निजवली, एकेकाचं नाव घेत, मसुऱ्याचा अमका, देवगडचा तमका, हा घोरतो, हा झोपेत बायकोशी भांडतो. काकी पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी काकांनी हिरवा राजा उचलून पलीकडच्या कडेजवळ ठेवला. "हो मी. हयसर बसान लिवतंय." क्षणभर थांबले. मग एक लाल प्यादं घेऊन राजाच्या शेजारी, पाटाच्या अगदी कडेच्या घरात उभं केलं. "आणि ही खिडकी."

"खिडकी आसा?" काकीने विचारलं.

"आसा मां."

"काय दिसता?"

"समुद्र."

"आपलो?"

"तोच. हयसून थंय गेलो म्हणान दुसरो होता काय?"

काकी पाटावर ओणवली. मग तिने बोट दोन हत्तींमधून आत नेलं, चुलीला वळसा घातला, निजलेल्या प्याद्यांना न लावता ते राजापर्यंत आणलं आणि खिडकीच्या घरावर टेकवलं. "बरी जागा आसा," ती म्हणाली. काकांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. मोडलेला डाव तिने नंतर बसून जसाच्या तसा मांडला, एक मोहरा चुकला नाही. पण मुंबईचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. माझ्या मनावरचा दगड मात्र हलला नाही.

सात वर्षांनी मी नर्सिंग शिकायला मुंबईला गेले. पहिल्याच सुटीच्या रविवारी काकांची खोली शोधत निघाले. दुपारचे दोन वाजले असतील. दोन हत्तींमधून आत शिरले. चूल बरोबर कोपऱ्यात, पिंपं बरोबर जागी. माणसं प्याद्यांसारखी आडवी झालेली. पलीकडच्या कडेला काका चटईवर बसले होते, ट्रंकेवर कार्ड ठेवून लिहीत, आणि त्यांच्या शेजारी घासलेटची बत्ती जळत होती. भर दुपारी. वर नुसती भिंत होती, ओल आलेली, छतापर्यंत सरळ गेलेली.

मी भिंतीकडे बघतेय हे काकांनी पाहिलं. त्यांनी टाक खाली ठेवला.

"तुका खरां लिवची सवय," ते हसून म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. "आता ह्यां पण लिवन धाडशीत?"

"नाय, काका."

त्यांनी मला चहा करून दिला. एवढा गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

मे महिन्यात घरी गेले. काकी परसात कोकमाचे रातांबे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग मान वर न करता तिने विचारलं, "खोली बघलंस?"

"बघितली."

"खिडकी?"

मी तयारीत होते. "बघितली ना. समुद्र दिसतो. संध्याकाळी बोटीसुद्धा दिसतात."

काकी हसायला लागली. एवढी, की तिला हातातला रातांबा खाली ठेवावा लागला. "बोटीय दिसतत?" ती म्हणाली. "अगो, खोटां बोलूचां तर वायच कमी बोलूचां." मग मनगटाने डोळे पुसले. "त्या खोलयेक खिडकी नाय गो."

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"रविवार, दुपार, असां लिवतत मां वर? त्या कार्डाक घासलेटचो वास कित्याक येता? खिडकीत बसलेलो माणूस भर दुपारची बत्ती लायत? पयल्या कार्डापासून माका ठाऊक आसा."

"मग चवथीला तू बोलली का नाहीस त्यांना?"

"काय बोलू?" काकी म्हणाली. "भिंत फोडून माझ्यासाठी खिडकी काढल्यानी त्यांनी. ती मी बुजवू?" तिने पुन्हा रातांबा घेतला, फोडला, बिया बाजूला काढल्या. "आणि माका ठाऊक आसा ह्यां त्यांका लिव नको. लिवशीत?"

"नाय लिवणार."

"बरां. जुनो डाव काल संपलो. कार्ड घेवन ये."

मी आतून कार्ड आणलं, पायरीवर तिच्याजवळ बसले. ‘काय लिहू?’ असं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"चाल लिव," ती म्हणाली. "राजापुढचां प्यादां, एक घर."

भाचेसुनेने चहा आणून ठेवला तेव्हा मी पाट पदराने पुसत होते. "मडक्याक दुसरां कायतरी बघू काय, आते?" तिने विचारलं. मी म्हटलं, नको, राहू दे, पाहुण्यांना पाणी लागतं. मडकं मी स्वतःच उचलून परत पाटावर ठेवलं. ठेवताना जरासं डावीकडे सरकवलं. पलीकडच्या कडेचं ते खिडकीचं एक घर उघडं राहिलं.